नावाचा घास

कुकरमध्ये केक करायचा तर आधी शिट्टी काढायची, झाकणाची रबरी रिंग काढायची, तळाला खडेमीठ पसरायचं, त्यावर जाळी ठेवायची आणि रिकामाच कुकर मंद आचेवर तापू द्यायचा. एवढं मला येत होतं, कारण एवढीच कामं माझ्या वाट्याला होती. पुढचं सगळं माझी मुलगी करायची आणि तेव्हा मला ओट्याजवळ उभं राहायची मुभा नसे. "आई, तू लुडबुड करतेस, बाहेर बस," म्हणायची. माझ्या तोंडाला जळगावात, आमच्या मेहरूणमधले भाजीवाले वचकून असतात, पण मी मुकाट्यानं बाहेर जाऊन बसायचे.

मध्ये पातळ चॉकलेट असलेला हा केक ती टाळेबंदीत शिकली. समोरच्या मारवाडी जैन कुटुंबातली तिची मैत्रीण आणि ही, दोघी आपापल्या गच्चीवरून ओरडून एकमेकींना कृती सांगत. त्यांच्याकडे अंडं चालत नाही, आमच्याकडे अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चालत नाही. ओव्हन दोघींकडे नव्हता. मग आमरसाच्या स्टीलच्या वाट्या हेच साचे. वाटीला आतून तूप लावायचं, वर कोको भुरभुरवायचा. मैदा, पिठीसाखर, कोको, सोडा, दूध, दही, तेल यांचं सरसरीत पीठ. चॉकलेट आणि साय एकत्र गरम करून, त्याच्या लहान गोळ्या वळून फ्रीजरमध्ये दगड करून ठेवलेल्या. वाटीत अर्धं पीठ, मधोमध गोळी, वर पुन्हा पीठ. बाजूनं केक शिजेस्तोवर आतली गोळी विरघळते. ताटलीत उपडा करून चमचा मारला की मधून चॉकलेट वाहत येतं. पण गरम असेल तरच. थोडा वेळ गेला की आतलं सगळं आळून बसतं आणि मग त्याच्यात आणि साध्या केकमध्ये फारसा फरक राहत नाही.

आता आमच्या घरात केलेला पदार्थ लगेच खायची पद्धत कुठे आहे! पहिल्यांदा तिनं तो केक केला तेव्हा नाना, म्हणजे माझे सासरे, आणि अक्का धुळ्याहून आमच्याकडे आले होते. अक्कांनी एक वाटी देवापुढे ठेवायला लावली. मग दिवा, मग घंटा, मग नानांचा चष्मा सापडेना. सगळे पाटावर बसेपर्यंत आतलं चॉकलेट घट्ट झालं होतं. अक्कांनी चमच्यानं उकरून पाहिलं आणि विचारलं, "यामा शिरा कसाले भरा व माय?" माझी मुलगी आधी चिडली, मग इतकी हसली की तिला उचकी लागली. पुढे कितीतरी दिवस ती त्या केकला शिराच म्हणायची. मला स्वतःला तो वाहता कधी खायला मिळाला नाही. आधी यांना, मग तिच्या मैत्रिणींना, मग जो कोणी आलेला असेल त्याला, आणि ओटा पुसून झाला की माझा. तो गारच असायचा. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी ती गेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. साधा वाटलेला ताप होता. सकाळी मला म्हणाली, पेज नको, खिचडी कर. संध्याकाळी आम्ही दवाखान्यात होतो. त्यानंतरचं मी सांगणार नाही. सांगून ते कमी होणारं असतं तर आत्तापर्यंत ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्यापाशीच संपलं असतं. ती आमची एकुलती एक होती आणि हेही नाना-अक्कांचे एकुलते, एवढं मात्र सांगायला हवं.

माणूस गेल्यावर घर काय काय सोडून देतं ते आधी कळत नाही. आमच्या घरानं तिचं नाव सोडलं. शेजारणी "तुमची ती" म्हणत आणि पटकन विषय बदलत. नाना रोज संध्याकाळी फोन करायचे तेव्हा पहिला शब्द तिचं नाव असायचा. आता ते नळाला पाणी आलं का ते विचारायचे, "पानी उनं का नळले?" यांनी तर "ती" सुद्धा सोडलं. हे "तेव्हा" म्हणू लागले. तेव्हा हा पंखा दुरुस्त केला होता. तेव्हा पडदे निळे होते. तेव्हा म्हणजे ती असताना, हे मी समजून घ्यायचं. मी एकटी असले की कुकरच्या शिट्टीच्या आवाजात तिला मोठ्यानं हाक मारून घ्यायची. शेजारी वेडी म्हणायला नकोत म्हणून शिट्टीची वाट बघायची. इथंही मी ते नाव लिहिलेलं नाही. लिहिलं तर कोणीतरी मनातल्या मनात वाचून पुढे जाईल. मला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

आमच्या खानदेशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवाळीएवढाच मान. त्या दिवशी पितरांसाठी पाण्यानं घागर भरतात, वर आंबा ठेवतात, डांगर ठेवतात, म्हणजे खरबूज. मग आगारी टाकतात. गोवरीचा निखारा फुलवून त्यावर तूप सोडायचं आणि घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेऊन पुरणपोळीचा एकेक घास त्यावर ठेवायचा. घासाला ज्योत लागली की तो पोचला असं अक्का मानतात. ज्याला जे आवडायचं ते त्याच्या घासावर थोडं ठेवतात. नानांच्या वडिलांना तिखट शेव आवडायची, म्हणून पुरणावर शेव! लग्न होऊन मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना आणि अक्कांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं होतं.

ती गेल्यानंतरची पहिली अखाजी दुखवट्याच्या वर्षातली. आम्ही धुळ्याला गेलोच नाही. यंदा वर्षश्राद्ध होऊन गेलेलं होतं. होळी झाली तसं माझ्या मनानं घेतलं की यंदा त्या निखाऱ्यावर माझ्या मुलीच्या नावाचा घास पडला पाहिजे. नाव मोठ्यानं घेतलं गेलं पाहिजे. आणि घास पुरणाचा नको, कारण पुरणपोळी तिला कधीच आवडली नाही, ती कडेकडेनं कुरतडून मधलं पुरण माझ्या ताटात सारायची. घास त्या केकचा हवा. तोही आळलेला नको, वाहता हवा, जसा तिला हवा असायचा तसा.

आणि तो केक तर मला येत नव्हता.

समोरच्या तिच्या मैत्रिणीला फोन केला असता तर तिनं सांगितलं असतं. ती आता पुण्याला शिकते. पण मला ठाऊक होतं काय झालं असतं ते. आधी ती रडली असती, मग मी, आणि केक राहिला असता बाजूला. मग जे बाहेर बसून ऐकलं होतं, येता-जाता नजरेला पडलं होतं, त्यावरच सुरुवात केली.

पहिल्या खेपेला मी पीठ झाकून ठेवलं. रव्याचं, इडलीचं, ढोकळ्याचं, कुठलंही पीठ थोडं मुरू द्यायचं हे हातातच बसलेलं. सोड्याचा जोर निघून गेला आणि वाट्यांतून कोळशाच्या वड्या बाहेर आल्या. पुढच्या वेळी पीठ लगेच वापरलं, केक फुगलाही छान, पण शिजला का ते बघायला मी ढोकळ्यासारखी सुरी खुपसली. सुरीला चॉकलेट लागून आलं. मला वाटलं कच्चा आहे. अजून ठेवला, अजून खुपसली. माझ्या माहेरी पाहुण्यांपुढे कच्चं वाढलं गेलं तर त्याची चर्चा पुढच्या लग्नापर्यंत चालायची. भाकरीच्या कडा, वांग्याचा देठ, वरणातली डाळ, सगळं शिजलंच पाहिजे. कच्चं म्हणजे बाईचा हात कच्चा. अशी आयुष्यभराची शिस्त लागलेली मी, मला ती वाटी अर्धवट असताना आचेवरून उतरवताच येईना. मधलं चॉकलेट सुरीच्या भोकांतून बाहेर येऊन मिठावर करपलं आणि घरभर धूर झाला.

त्या संध्याकाळी हे कचेरीतून आले आणि दारातच थांबले. पायात बूट तसेच. धूर असला तरी त्यात तो वास होताच. त्यांनी पिशवी खाली ठेवली, ते मागे वळले आणि मेहरूण तलावावर फिरायला निघून गेले. परत आले तेव्हा मी कुकर घासत होते. "काय चाललंय हे?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. अखाजीला धुळ्यात तिच्या नावाची आगारी टाकायची आहे, या केकची. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाना मानणार नाहीत." मला राग आला. नाना मानतील की नाही हे मी बघेन, तुम्ही मानता का ते सांगा, असं मी म्हणाले.  दुसऱ्या दिवशी येताना ते चांगलं चॉकलेट घेऊन आले. मी वाण्याकडून आणत होते ते स्वस्तातलं होतं आणि तेव्हा असलं वापरत नसत, असं म्हणाले. तेव्हा, म्हणजे ती असताना.

शेवटी मला वाट सापडली ती नाकानं. बंद कुकरमध्ये काही दिसत नाही आणि झाकण उघडलं की आच निघून जाते. मला आठवलं, ती झाकणावरच्या भोकाशी, जिथं शिट्टी बसते तिथं, तळहात धरायची आणि मग हात हुंगायची. मला वाटायचं ही पोरगी नखरे करते. मी तसा हात धरून पाहिला. आधी नुसता दुधाचा वास येतो. मग कोकोचा, अजून कच्चा, जरासा तुरट. मग एका क्षणी तो भरून येतो आणि शेजारच्या खोलीतही कळतो. तेव्हाच गॅस बंद करायचा. मन म्हणतं अजून थोडा वेळ राहू दे, मनाचं ऐकायचं नाही. झाकण काढलं की केकची कड वाटीपासून सुटलेली असते आणि मधला भाग बोट लावलं तर हलतो.

असा एक केक मी जेवायच्या टेबलावर ताटलीत उपडा केला. यांना हाक मारली. चमचा मारला आणि चॉकलेट बाहेर आलं, शांतपणे, ताटलीच्या कडेपर्यंत. मी उभ्या उभ्याच पहिला चमचा तोंडात घातला. जीभ भाजली. इतकी वर्षं माझ्या घरात होत असलेली गोष्ट मी पहिल्यांदा खात होते आणि ती इतकी चांगली होती की मला रडू कोसळलं. पोरीनं एकदा तरी मला हाताला धरून, आई आधी तू खा, असं म्हणायला हवं होतं, आणि म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही मला त्याच वेळी कळलं. यांनी उरलेला खाल्ला. ती गेल्यापासून यांनी गोड तोंडात घातलं नव्हतं. खाऊन झाल्यावर ताटली धुऊन जागेवर ठेवली. नंतर म्हणाले, "असाच व्हायचा." या वेळी "तेव्हा" म्हणाले नाहीत.

अखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो. वैशाखातलं ऊन आमच्याकडे काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. त्यात चॉकलेट न्यायचं. मी गोठलेल्या गोळ्या डब्यात घातल्या, डबा बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये घातला, आणि कुकर, जाळी, वाट्या, मीठ अशी मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, धुळ्यात कुकर मिळत नाहीत का? मी म्हटलं, मिळतात, पण ते माझं ऐकत नाहीत. त्या बाई मनापासून हसल्या. आपल्या बोलण्यावर परक्या माणसानं असं हसावं, हे मला बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं.

नाना-अक्का धुळ्याच्या देवपुरात राहतात. साक्रीकडच्या एका लहान गावातून नाना नोकरीसाठी धुळ्यात आले, एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम करून निवृत्त झाले, आणि गावाकडची बोली व गावाकडचे नियम दोन्ही त्यांनी जसेच्या तसे ठेवले. रात्री जेवणं झाल्यावर मी अक्कांना पिशवी दाखवली आणि काय करायचं आहे ते सांगितलं. अक्कांनी वाट्या हातात घेऊन पाहिल्या. त्यांना आठवलं असणार. "अंडं नही ना यामा?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग माले काय, कर तू. पन त्यासले इचार," असं म्हणून त्यांनी नानांकडे मान वळवली.

नाना पलंगावर बसून उद्याच्या गोवऱ्या फोडत होते. मी विचारलं. ते लगेच म्हणाले, "आपलामा कुवारी पोरना नावनी आगारी नही टाकतस." जणू उत्तर आधीपासून तयार होतं.

"का नाही टाकत?" मी विचारलं.

"नही टाकतस. ती काय पितर शे का?"

हे दारात उभे होते. मला वाटलं आता तरी काही बोलतील, पण त्यांनी मान खाली घातली. मग माझा तोल गेला. सासऱ्यांपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या रात्री चढवला. मी म्हणाले, "नाना, तुमची आगारी तुमचा मुलगा टाकेल. आमची टाकायला कोणी उरलेलं नाही. त्याचं मी काही म्हणत नाही. पण आम्ही दोघं आहोत तोवरच तिचं नाव आहे. आणि आम्ही असून घरात ते कोणी घेत नाही. आमच्यामागे काय होणार? अशी कोणी मुलगी होती हे तरी कोणाला कळणार आहे का?"

 नानांनी हातातली गोवरी खाली ठेवली, पायात चपला घातल्या आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले. अक्का म्हणाल्या, "जाऊ दे, नीज आते." मी अंथरुणावर पडले, पण झोप लागली नाही. मला माझ्या आवाजाची लाज वाटत नव्हती. उद्या आगारी झाल्यावर हा कुकर पुन्हा पिशवीत भरून जळगावला न्यायचा, या विचारानं मात्र जीव घाबरा होत होता.

 सकाळी अक्कांनी पुरण घातलं, मी पोळ्या लाटल्या, कुरडया तळल्या, रस काढला. घागर भरली गेली. नानांनी अंघोळ करून धोतर नेसलं आणि अंगणात पत्र्याच्या घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. आत मी एका बाजूला कुकर तापत ठेवला. परवानगी नव्हती. पण मनाईही पुन्हा कोणी केली नव्हती, आणि अक्कांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्या शेगडीवरचं भांडं उतरवून मला जागा करून दिली होती. पीठ कालवलं, गोळ्या मधे बसवल्या, वाट्या आत ठेवल्या. बाहेर धूर कमी होऊन निखारे फुलू लागले होते. मला वेळ साधायची होती. आगारी आधी सुरू झाली तर केक कच्चा, उशिरा झाली तर आळलेला. भोकावर हात धरून मी हुंगत राहिले. दूध. मग तुरट कोको. बाहेर नानांचा आवाज आला. त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, म्हणजे सुरुवात झाली होती. शेव टाकलेला घास गेला. मग आजोबांचं नाव. मग आईचं. वास भरून आला आणि मी गॅस बंद केला.

केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक केक उपडा केला आणि बाहेर आले. नानांची नावं संपली होती. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. निखाऱ्याभोवती पाणी फिरवलं की आगारी पूर्ण होते, त्यानंतर त्यात काही टाकत नाहीत. मी पान धरून उभी राहिले. आता मला बोलायचं नव्हतं, रात्री बोलून झालं होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि हात पुढे केला.

त्यांनी केक मधोमध फोडला तेव्हा चॉकलेट त्यांच्या बोटांवरून वाहिलं. चटका बसला असणार, पण त्यांनी हात मागे घेतला नाही. अक्का पुढे वाकून बघत होत्या. आणि मग नानांनी माझ्या मुलीचं नाव घेतलं. हळू नाही. ती गल्लीच्या टोकाला खेळत असायची आणि ते ओसरीवरून तिला जेवायला बोलवायचे, त्या आवाजात. घास निखाऱ्यावर ठेवला. नुसता धूर निघाला. चॉकलेट निखाऱ्यावर पसरलं, चरचरलं, काळं झालं, पण ज्योत लागेना. अक्कांनी तुपाची वाटी त्यांच्या हातात दिली. नानांनी तूप सोडलं, पुन्हा तिचं नाव घेतलं. माझ्या शेजारून आणखी एक आवाज आला. हेही तिचं नाव घेत होते, घोगऱ्या आवाजात, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. मग ज्योत लागली आणि घास पेटला. मी आडोसा शोधला नाही, तिथंच उभी राहून रडले.

मला वाटलं आता पाणी फिरवतील. पण नाना घमेल्याजवळच उकिडवे बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आखो एक शे का? गरम?"

मला वाटलं त्यांना खायचा असेल. मी धावत आत गेले, दुसरी वाटी पानावर उपडी केली, घेऊन आले. त्यांनी तो केक हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

"मन्ही एक धाकली बहीण व्हती," ते म्हणाले. "कुवारीच गयी. तापमाच. तिना नावनी कोन्ही आगारी टाकी नही. घरमा कोन्ही नाव ले नही."

अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

नानांनी केक फोडला. घास निखाऱ्यावर धरला आणि नाव घ्यायला तोंड उघडलं. आम्ही सगळे थांबलो. चॉकलेट त्यांच्या बोटांमधून खाली गळत होतं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, पुन्हा तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऐंशी वर्षांचा तो माणूस अगदी लहान मुलासारखा घाबरलेला दिसत होता.

"याद नही," ते म्हणाले. "माले तिनं नावच याद नही."

ते नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी नाव न घेताच तो घास निखाऱ्यावर ठेवला.